सुनेचं काम

सासूची वेणी घालून सोन्याची तिलहरी मिळते, हे देउमायाला अमेरिकेत, ॲक्रनला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ती तिलहरी धाकट्या जावेच्या, पबित्राच्या, गळ्यात दसैंच्या सणाला लोंबताना दिसली आणि तेव्हापासून देउमायाच्या घशाखाली घास नीट उतरेना. पबित्रा कुठे कामाला जात नव्हती. सकाळी उठून ती हजेरी लावायला मोबाइलवर बोट दाबायची, सासूला आंघोळ घालायची, वेणी घालायची, भात कालवून द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा बोट दाबायची. म्हाताऱ्यांना घरी सांभाळायला माणसं देणारी एक कंपनी होती. घरचंच माणूस सांभाळत असेल, तर कंपनी त्यालाच पगार द्यायची.

"स्वतःच्या सासूला भात भरवायचा पगार!" देउमाया नवऱ्याला म्हणायची. "मग नेपाळात, बेलडांगीच्या निर्वासित कॅम्पात मी काय करत होते? पाणी कुणी भरलं? लाकडं कुणी आणली? आमाला ताप चढला तेव्हा पाठीवर घेऊन कोण धावलं? तुमच्या भावाची बायको तेव्हा माहेरी बाहुल्यांची लग्नं लावत होती."

"तेव्हा बोट दाबायला तुझ्याकडे मोबाइल कुठे होता?" खगेन म्हणायचा आणि आपल्याच विनोदाला हसायचा.

खरं तर आमा, म्हणजे सासू, आधी थोरल्याकडेच होती. पण देउमायाचं घर वरच्या मजल्यावर, आणि आमाच्या गुडघ्यांनी जिन्याला हात टेकले. धाकट्याचं घर जमिनीलगत. एका जिन्यापायी सासू गेली, आणि तिच्या मागोमाग पगार गेला, तिलहरी गेली, भजनाला जमणाऱ्या बायकांतला मानही गेला. "पबित्रानं सासूला फुलासारखं ठेवलंय हं," असं कुणी म्हटलं की देउमाया टाळ जरा जोरात वाजवायची. कारखान्यात कोंबडीचे गोठलेले तुकडे खोक्यांत भरून तिची मनगटं सुजत, त्याचं कुणाला काही नव्हतं. जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात, पण इथे दाव्याला साक्षीदारच नव्हता. साक्ष देऊ शकेल अशी एकच बाई होती, आमा. आणि आमानं एवढ्या वर्षांत थोरल्या सुनेला 'जेठी, तू माझं केलंस' असं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

वर्षातून एकदा कंपनीची नर्स घरी येऊन म्हातारीला प्रश्न विचारायची आणि पगार कुणाला द्यायचा ते ठरवायची. यंदा ती येणार होती त्या दिवशी देउमायानं रजा टाकली आणि गुंद्रुकच्या आंबट भाजीचा डबा घेऊन धाकटीच्या घरी हजर झाली. मनात तिनं सगळं जुळवलं होतं. आपण रात्रपाळी घ्यायची आणि दिवसा इथे येऊन आमाला सांभाळायचं. आमानं नर्सला नुसतं म्हणायला हवं होतं, की मला जेठी हवी.

"दिदी, आज कशा काय?" पबित्रानं विचारलं.

"का? सासू काय तू विकत घेतलीस?"

आमा ठेवणीतली चौबंदी चोळी घालून सोफ्यावर ताठ बसली होती. परकी बाई येणार म्हणून तिनं काठी सोफ्यामागे लपवली होती. नर्स आली, समोर बसली आणि तिनं फोन टेबलावर ठेवला. फोनमधून दुभाषी मुलगी बोलू लागली, अगदी काठमांडूची गोड, आदबशीर बोली.

"आमा, आपल्याकडे कामाला कोण येतं?"

"कामाला?" आमानं मान वर केली. "आमच्याकडे कुणी कामाला येत नाही. आम्ही काय सावकार लागून गेलो?"

"मग घरात आपलं काम कोण करतं?"

"सून आहे की."

"सून काय काम करते?"

"ती कशाला काम करेल? ती घरीच असते. दिवसभर माझ्यापाशी बसलेली असते."

"आमा!" पबित्रा ओरडली. नर्सनं हात वर करून तिला गप्प केलं. उत्तरं आमानंच द्यायची होती.

देउमायाला काय झालं ते त्याच क्षणी कळलं. आमाच्या तोंडी काम म्हणजे दुसऱ्याच्या दारातलं काम, पोटासाठी केलेलं. सुनेनं पाठ चोळणं हे काम नव्हे. त्याला काम म्हणणं म्हणजे सुनेला मोलकरीण म्हणणं. आमा सुनेची इज्जत राखत होती आणि तिचा पगार घालवत होती. काठमांडूच्या पोरीला हे कुठून कळावं? तिनं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं आणि नर्सच्या कपाळाला आठी पडली.

"काम केलं ते हिनं," आमानं हनुवटीनं देउमायाकडे दाखवलं. "या जेठीनं. पाणी भरलं, लाकडं वाहिली, मला पाठीवर घेऊन पळाली. हाडं झिजवली पोरीनं. धाकटीला मी काम करू दिलं नाही."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, भलत्याच वेळी, भलत्याच माणसासमोर आलं. देउमायाचे डोळे भरून आले.

फोनमधल्या मुलीनं विचारलं, "म्हणजे दिदी, आमाचं काम आपण करता का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते धड खोटंही नव्हतं. पबित्रा तिलहरी मुठीत धरून उभी होती, जणू आताच कुणी ती ओढून घेणार होतं. देउमायाला ते बघून बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

मग तिची नजर आमाच्या पावलांवर गेली. टाचा मऊ, तुकतुकीत, एक भेग नाही. कॅम्पात त्याच टाचांतून रक्त यायचं. मोहरीचं तेल, मेण, हळद, देउमायानं सगळं करून पाहिलं होतं. भेगा कधी भरल्या नाहीत. तिलहरीचा हेवा तिला वाटला होता, पण हा हेवा त्याहून खोल गेला.

"नाही," ती म्हणाली. "मी केलं ते तिकडे. इकडे हीच करते. आमाची काठी सोफ्यामागे आहे. काठीशिवाय उठायला सांगा तिला."

"जेठी!" आमा कडाडली आणि रागानं उठायला गेली. अर्ध्यातच गुडघे वाकले. कुणी हाक मारायच्या आत पबित्राचे हात तिच्या काखेत होते. नर्सनं मान हलवली आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आंघोळ कोण घालतं? कपडे कोण बदलतं? आमा भिंतीकडे बघत एकाच शब्दात उत्तर देत राहिली, "सून. सून. सून."

पबित्राचं बोट दाबणं चालूच राहणार, एवढं सांगून नर्स गेली.

"परक्या बाईसमोर माझी लाज काढलीस," आमा म्हणाली. "चांगलं बोलले तुझ्याबद्दल, त्याचं हे फळ."

स्वयंपाकघरात पबित्रानं चहात साखर जरा जास्तच घातली. "दिदी, तुम्ही हो म्हणाला असता तर?"

"म्हणणारच होते." देउमायानं फुंकर घातली. "टाचांना काय लावतेस?"

"व्हॅसलीन. वरून मोजे."

"मोजे घालून काय, कुणीही करेल."

आतून आमाचा आवाज आला, पबित्राला उद्देशून. "कान्छी, तुझ्या जावेला विचार, भात खाऊन जाणार का?"

"खाणार म्हणावं," देउमाया मोठ्यानं म्हणाली, "पण वाढायला आमाच्या पगारी सुनेला सांगा."