कोण राहिलंय?

किल्ला म्हणावा असं तिथं फारसं उरलेलं नाही. एक बुरूज, त्याला टेकलेली अर्धी भिंत, आणि त्या भिंतीत उंचावर एक भलीमोठी शेकोटीची जागा. मजले कधीच कोसळले, त्यामुळे ती अधांतरीच राहिली आहे. बुरुजाचा जिना मात्र शाबूत आहे. एवढ्या राज्याचं फाटक माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सांभाळतात. घरात आम्ही त्यांना किल्लेदार म्हणतो.

संध्याकाळी फाटक लावण्याआधी ते जिन्याखालून हाक मारतात, "कोण राहिलंय?" पोकळ बुरूज तेच परत पाठवतो, "...राहिलंय." मग जरा थांबायचं, आणि माणसाचा आवाज आला नाही की कुलूप. गुडघे गेल्यापासून त्यांची सगळी भिस्त या हाकेवरच होती. अलीकडे कानही गेले होते, पण ते त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. एका संध्याकाळी बहीण आणि मी त्यांची विसरलेली शाल घेऊन फाटकापाशी पोहोचलो. किल्लेदार फाटकाला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवत होते.

"अहो, वर कोणीतरी ओरडतंय," बहीण म्हणाली.

"बुरूज आहे तो. आत्ताच हाक मारली ना मी."

"बुरूज शिव्या कधीपासून द्यायला लागला?"

किल्लेदारांनी कुलूप काढलं, तर किल्ला बघायला आलेल्या एक बाई थंडीनं कुडकुडत खाली आल्या. "मी राहिलेय, मी राहिलेय, म्हणून घसा बसला माझा! बहिरे आहात का?"

किल्लेदारांनी हात जोडले. त्यांना फक्त "राहिलंय" एवढंच ऐकू आलं होतं, आणि ते त्यांनी बुरुजाच्या खात्यात टाकलं होतं.

रात्री ते जेवले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "उद्या ऑफिसात देऊन टाकतो. ती बाई गारठून गेली असती."

बहीण ताट वाढतच राहिली. "आणि घरी बसून काय करणार? माझ्या कपाटांना कुलपं लावणार?"

"चेष्टा नको गं."

"चेष्टा कसली? हाक तुम्ही मारा. ऐकायला मी येते."

"रोज?"

"रोज. तसंही माझं कुठं ऐकता? तुमच्या वाट्याचं मीच ऐकते."

तेव्हापासून ती रोज जिन्याखाली उभी असते. ते हाक मारतात आणि तिच्या तोंडाकडे बघतात. तिनं "कोणी नाही" म्हटल्याशिवाय किल्ली फिरत नाही.

परवा पुन्हा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी मुद्दाम बुरुजावर जाऊन बसलो. खालून हाक आली. माझा आवाज मुळातच बारीक, तरी जमेल तेवढं ओरडलो, "मी राहिलोय!"

मग बहिणीचा आवाज खणखणीत वर आला, "कोणी नाही हो. माझा दादा आहे नुसता. लावा कुलूप!"

आणि पाठोपाठ किल्लेदारांचं हसू. बुरुजानं तेही परत पाठवलं.