लुआन काकांना नीट दिसत नाही

लुआन काकांचे डोळे गेले, अशी आवई चीनमधल्या लुओयांगच्या जुन्या बाजारात उठली होती. वाफवलेले पाव विकणारा तर त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून द्यायला लागला. खरं म्हणजे काकांची नजर घारीची. शेजारच्या पथारीवरच्या नाण्याची अक्षरं ते बसल्या जागी वाचतात.

घोळ केला तो एका वाक्याने. जुन्या नाण्यांच्या धंद्यात कुणाच्या वाडवडिलांच्या वस्तूला तोंडावर 'खोटी' म्हणत नाहीत. मान तिरकी करायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "मला काही... नीट दिसत नाही हो." जाणकार काय ते समजतो आणि गुपचूप काढता पाय घेतो. चाळीस वर्षं काकांनी हेच केलं.

थान आजी जाणकार नव्हत्या. नवरा गेल्यावर पेटीत सापडलेलं एक ताईत-नाणं त्या रुमालात बांधून घेऊन आल्या. त्यावर विंचू, साप, गोम, पाल आणि बेडूक. लहान मुलाच्या गळ्यात घातलं की पीडा टळते. पाच पिढ्यांचं आहे, असं नवरा सांगायचा. नातवाच्या जन्माच्या शंभराव्या दिवशी ते सुनेच्या हाती द्यायचं होतं.

काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. जुनी नाणी ओतल्यावर कडेने कानशीने घासत; इथे ती खूण कुठेच नाही. हिरवा गंज गालाला पावडर फासावी तसा वरवरचा; कोमट पाण्याच्या थेंबात उतरला. विंचवाच्या नांग्या बोथट, म्हणजे अस्सल नाण्याचा ठसा घेऊन हल्लीच ओतलेलं. काका खाकरले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले.

"अगं बाई," आजी कळवळल्या. "आणि असे उन्हात बसता दिवसभर?"

दुसऱ्या दिवशी त्या थर्मासभर चहा घेऊन हजर. शेवंतीची फुलं आणि गोजीची लाल फळं घातलेला, डोळ्यांना उत्तम. मग रोजच यायला लागल्या. काकांच्या डोळ्यांची बातमी गल्लीभर केली तीही त्यांनीच. काका चहा प्यायचे आणि विचार करत बसायचे. सांगावं, तर आजींच्या मेलेल्या नवऱ्याला थापाड्या ठरवल्यासारखं. न सांगावं, तर उद्या सून दुसऱ्या कुणाला दाखवणार आणि सगळं आजींवरच शेकणार.

नातवाच्या नव्व्याण्णवाव्या दिवशी काकांनी कसाबसा धीर केला.

"वहिनी, ते नाणं... नवं आहे."

"नवं? मग टिकेल की पुष्कळ."

काकांनी पेला खाली ठेवला. "माझे डोळे ठणठणीत आहेत. नाणं खोटं आहे, वहिनी. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

आजींनी रुमालाची गाठ सावकाश बांधली. "अठरा दिवस माझा चहा प्यायलात."

"हो."

त्या उठल्या. गेल्या. थर्मास तिथेच राहिला.

'खोटं' हा शब्द काकांच्या तोंडून जन्मात निघणार नाही, अशी पैज मी, त्यांच्या शेजारची पथारीवाली, त्यांच्याशीच लावली होती, तीही त्यांचं खाकरणं हुबेहूब त्यांना करून दाखवत. हरले. ठरल्याप्रमाणे बीफच्या रश्श्याचा वाडगा दुसऱ्या दिवशी सकाळी गरमागरम त्यांच्यापुढे आणून ठेवला. काकांनी त्याला तोंडही लावलं नाही. धुऊन ठेवलेल्या थर्मासात सगळा रस्सा ओतला आणि झाकण घट्ट लावलं.

"रिकामा कसा परत करायचा?" म्हणाले, आणि आजींच्या दाराकडे निघाले. वाटेत दोनदा थांबले. खाकरले मात्र नाहीत.