जनावर आलं

आमच्याकडे रानात वाघाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं, ऐकणाऱ्याला समजतं. त्याच शब्दानं माझ्या वहिनीचा घात केला.

गावाच्या कडेला रडार बसलं तेव्हा आम्ही खूश होतो. हलणाऱ्या प्रत्येक जिवाची त्यावर खूण उमटते, माणसाची वेगळी, गाईची वेगळी, वाघाची वेगळी. वाघाची खूण दिसली की भोंगा वाजणार, गाईगुरांना वाजणार नाही. पण यंत्राला ही ओळख आधी शिकवावी लागते. म्हणून माझा दादा मचाणावर बसून जे दिसेल ते मोबाईलवर सांगायचा आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर खाली बसून त्या त्या खुणेला नाव द्यायचा. गाय दिसली की दादा म्हणायचा, ढोर आलं. वाघ दिसला की आवाज बारीक करून म्हणायचा, जनावर आलं. इंजिनिअरच्या गावी जनावर म्हणजे गाय-म्हैसच. त्यानं दोन्ही खुणा एकाच ढिगात टाकल्या. एकदा विचारायला काय धाड भरली होती, असं मला आजही वाटतं.

मोहफुलांच्या दिवसांत वहिनी पहाटेच टोपली घेऊन निघाली. मी हटकलं तर हसली.

"काऊन भेऊन राह्यला रे? भोंगा वाजला त पयत येतो ना मी!"

भोंगा वाजलाच नाही. यंत्रानं वाघ पाहिला होता, पण त्याच्या लेखी ती गाय होती. वहिनी आम्हाला पुढे नाल्यात सापडली. मी तिच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

इंजिनिअर परत आला, त्यानं त्या सकाळची रडारची नोंद स्क्रीनवर लावली आणि चूक त्याच्या ध्यानात आली. मान खाली घालून तो म्हणाला, "आता हीच नोंद यंत्राला शिकवायला वापरू. ही खूण वाघाची, ही माणसाची."

त्याची गचांडी धरावीशी वाटली मला. दादा मात्र स्क्रीनजवळ सरकला.

"यातली ते कोनती?"

इंजिनिअरनं बोट ठेवलं. एक बारीक रेघ वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. वहिनी फुलं वेचत होती. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातून दुसरी रेघ निघाली.

"बंद करा सायेब," दादा म्हणाला. "इथीच राहू द्या तिले."