आग कशानं लागली

ऑफिसात त्याला सगळे राखोबा म्हणत. म्हणोत बापडे! विम्याचा सर्व्हेअर तो. जळलेली दुकानं बघायची, आग कशानं लागली ते ठरवायचं आणि अहवाल लिहायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. धुराचा वास अंगात मुरला होता, त्याचं काही नाही. पण लोकांच्या थापा ऐकून ऐकून जीव विटला होता.

आज इस्त्रीचं दुकान होतं. छत काळंठिक्कर, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा नुसता कोळसा.

"शॉर्ट सर्किट, साहेब," दुकानदार पाठ केल्यासारखा म्हणाला.

राखोबा टेबलाशी वाकला. इस्त्रीखालची फळी आरपार जळलेली, बटण चालूच, आणि मीटरपासून आलेली वायर मात्र धडधाकट. आता काय बोलायचं या माणसाशी? पायही भरून आले होते. तो तिथल्याच पालथ्या बादलीवर टेकला.

"अहो, विमा कशासाठी काढलात? माणूस आहे, विसरायचाच. इस्त्री चालू राहिली तरी कंपनी भरपाई देते. पण खोटं लिहून दिलंत, तर दमडी मिळायची नाही. दुकान तर गेलंच, वर विमाही घालवाल!"

दुकानदारानं दाराकडे पाहिलं. बाहेर खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. चाळीस वर्षं याच टेबलाशी उभं राहून त्यांचे पाय वाकले होते.

"आबांच्या हातून राहिली," तो कुजबुजला. "हल्ली विसरतात. त्यांना ठाऊक नाही, साहेब. कळलं तर अन्न सोडतील. नको ती भरपाई, पण हे त्यांच्या कानावर जायला नको."

राखोबानं अहवालाचा कागद काढला. "हा कागद माझ्या ऑफिसात जातो, आबांकडे नाही," असं म्हणत त्यानं खरं ते लिहिलं, दुकानदाराची सही घेतली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.

बाहेर आबांनी त्याची बाही धरली. "साहेब, कशानं लागली हो? मला सारखं वाटतंय, माझ्याच हातून तर काही…"

"छे हो! वायरिंग जुनं होतं, आबा."

म्हाताऱ्यानं केवढा तरी श्वास सोडला. मग मुलाकडे वळून कडाडला, "तरी कानीकपाळी ओरडत होतो, वायर बदल, वायर बदल! तुझं लक्ष असतं कुठे? घातलंस ना सगळं आगीत?"

"हो आबा," दुकानदार म्हणाला. "चुकलं माझं."