भुजंगकाका आले की प्रिंटर मुका

आमच्या जिंतूरच्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात सकाळी पहिला कॉम्प्युटर चालू होतो तो हेडक्लार्क भुजंगकाकांचा. काका येणार, मशीनला उदबत्ती ओवाळणार, बटण दाबणार, मग आमची मशिनं. मी शिवकन्या, तिथंच क्लार्क हाय. एकदा घाईत मी माझं आधी चालू केलं, तर काका दुपारपर्यंत माझ्याशी बोलले न्हाईत. मानाचं लय वेड माणसाला!

बबिता आमची ऑपरेटर. येलदरीहून एसटीनं येते. वडील रंगनाथ धरणावर मजुरीला जायचे, आता गुडघ्यानं घरीच हायेत. घर हिच्या पगारावर. पोरगी इतकी गरीब स्वभावाची की शिपाईसुद्धा तिलाच चहा आणायला सांगतो. दरवर्षी तिची नेमणुकीची वर्षाची तात्पुरती ऑर्डर निघते, आन दरवर्षी ती निघेपर्यंत तिचा जीव टांगणीला.

यंदा संस्थेच्या सचिवसाहेबांनी सगळ्यांसाठी मिळून एकच मोठा प्रिंटर आणला. बबितानं तो वायरनं सगळ्या कॉम्प्युटरला जोडला. साहेब जाता जाता तिला म्हणाले, "हा नीट चालला तरच तुझ्या ऑर्डरचं बघू."

आन तो मेला चालेना! काका रजेवर असले की शहाण्यासारखा धडाधड कागद काढायचा, काका आले की मुका. "काकाला भितोय," म्हणून आमी हसलो. बबिता हसली न्हाई. डबा न उघडता त्याच्यापाशी बसून राहायची. मला लय वाईट वाटायचं, म्हणून मी तिच्यावरच ओरडायचे, "आधी जेव की गं!"

शेवटी तिला सापडलं. ती सांगायली, मी ऐकायले. प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, आयपी ॲड्रेस. कागद त्या नंबरावर जातो. कॉम्प्युटर चालू झाले की राउटर, म्हंजे सगळ्या वायरी जोडलेली ती पेटी, त्यांना ओळीनं नंबर वाटतो, आन ज्याला जो दिला तो त्याच्याच नावावर ठेवतो. प्रिंटरला मात्र बबितानं स्वतःच पक्का नंबर दिला होता, आन तो नेमका राउटरच्या वाटपातला पहिला.

"आन सकाळी पहिलं मशीन कुणाचं, ताई?"

काकांचं! आपण एसटीत रुमाल टाकून सीट धरावी आन कंडक्टरनं तीच सीट रिझर्वेशनवाल्याला द्यावी, तशी गत. काका रजेवर असले की सीट मोकळी; काका आले की दोघांचा नंबर एकच, मग कागद जाणार कुठं?

तिनं प्रिंटरला राउटर कुणालाच वाटत न्हाई असा नंबर दिला. लगेच चालू.

"साहेबाला सांग, काकांच्या मानापायी घोळ झाला," मी म्हणलं. "खोटं थोडंच हाय?" काका पलीकडं पेपर आडवा धरून सगळं ऐकायलेत, हे मला कुठं ठाऊक!

दुपारी साहेब आले. "काय झालं होतं?"

"चूक माझी होती, सर," बबिता म्हणाली. "मी नंबर चुकीचा दिला."

मी कपाळावर हात मारला. अगं बावळे!

"तुझीच चूक? मग ऑर्डर कशाच्या भरवशावर काढायची?"

तेवढ्यात काका उठले.

"साहेब, माझंच मशीन आधी चालू व्हावं हा हट्ट माझा. तिला ते ठाऊक हाय, तरी माझं नाव घेतलं न्हाई. आख्खी नोकरी झाली माझी ह्या ऑफिसात. चूक माझी, असं म्हणणारं माणूस आज पाहिलं. मी बी कधी म्हणलो न्हाई."

साहेबांनी काकांकडं पाहिलं, बबिताकडं पाहिलं. मग म्हणाले, "काढा तिची ऑर्डर."

काकांनी स्वतः टाइप केली. प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला. साहेबांनी तिथंच उभ्यानं सही करून तो परत ट्रेवर ठेवला. एकाच वर्षाची ऑर्डर, कायमची न्हाई. पण बबिता नुसती बघत उभी. हातच पुढं होईना तिचा.

"उचल की गं, बाई!" मी खेकसले, आन रडू मलाच आलं.