जांभळ्या रंगाचा अर्धा तास

भिलाईच्या एका दवाखान्यात मी रक्तातलं प्रोटीन मोजायची. नळीत रक्ताचं पाणी, म्हणजे गुठळीवर सुटणारं पिवळसर सीरम, घ्यायचं, त्यात निळं औषध टाकायचं आणि जांभळा रंग चढेपर्यंत अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास माझा होता. मी खिडकीशी बसून स्वेटर विणायची आणि डॉक्टरही काही बोलू शकत नसत, कारण रंगाला घाई चालत नाही.

मग मशीन आली. थेंब उचलणं, मिसळणं, मोजणं, सगळं तिचं. पण रक्ताच्या गुठळीचा बारीकसा धागा सुईत अडकला की ती कोकलायची. म्हणून मशीनमध्ये ठेवायचा सीरमचा प्रत्येक छोटा कप भरण्याआधी मी नळीत काडी फिरवून धागे काढत बसायची. तपासण्या पाचपट वाढल्या आणि माझी खुर्ची खिडकीपासून उचलून मशीनसमोर ठेवली गेली.

घरी नवरा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "हिले आता काई कामच नाही. सारं मशीनच करून राहिली."

रंग चढायला मशीनच्या पोटातही वेळ लागायचाच. तेवढा वेळ ती निवांत थांबायची. मी तिचे पुढचे कप भरत असायची.