सॉफ्टवेअरनं पुसलेली हळद

कनेरगाव नाक्यावर माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. धाकट्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी पाहुणे मांडवात चहा पिऊन राहिले होते आणि मी कोपऱ्यात लॅपटॉपवर एक नवं सॉफ्टवेअर उतरवून घेत होतो. कॅमेऱ्यातल्या कच्च्या, म्हणजे रॉ फायली उघडून त्यांचे फोटो करून देणारं. जुनं इतकं रेंगाळायचं की एका फायलीत माणसाचं जेवण उरकावं. हे नवं महिनाभर फुकट होतं. फुकट म्हटल्यावर मला दम निघतोय होय?

हळद झोकात झाली. नवरदेव वारंगा फाट्याचा. त्याला लावून उरलेली उष्टी हळद त्याच्या घरून जीपनं आली, आमच्या बायकांनी ती बहिणीला गाणी म्हणत लावली. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, पिवळी नवरी!

बहीण अंघोळीला गेली आणि मी फोटो करायला बसलो. 'ऑटो'चं बटण दाबलं. काय सांगू, पाच मिनिटांत सगळे चेहरे गोरेपान! आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एकच मागणं मागतं, जरा गोरं करा. मी खूश. पुढं काही न बघता फोटो दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकून दिले.

थोड्याच वेळात नवरदेवाच्या आत्याचा आईला फोन. आवाज मांडवाबाहेर ऐकू जात होता.

"आमच्या घरची हळद कुठं फेकली तुमी? तुमच्या पोरीच्या तोंडाला दही लावल्यावानी दिसून राहिलं! आमचा काही मान हाय का न्हाई?"

मी फोटो पुन्हा उघडले आणि घाम फुटला. जिकडं तिकडं पिवळंच दिसल्यावर सॉफ्टवेअरला वाटलं, उजेडातच काहीतरी खोट आहे. त्यानं इमानदारीनं सगळा पिवळेपणा धुऊन काढला होता. साड्या सायीसारख्या आणि हळद गायब. हळद लावलेल्या बहिणीचा दुसरा फोटो काढून पाठवावा, तर तिची अंघोळ झालेली.

"मुडद्या, तुला आजच हे नवं खूळ काहून सुचलं?" आई कडाडली. बहीण मात्र दारात येऊन हळूच म्हणाली, "दादा, उद्या मला त्याच घरात जायचं हाय." डोळे भरलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंबरा ओलांडायच्या आधीच तिच्या नावावर भांडण, अन् तेही माझ्यापायी.

पण फायली कच्च्या होत्या. कच्च्या फायलीत कॅमेऱ्यानं टिपलेला रंग जसाच्या तसा राहतो, पुसला जातो तो वरच्या फोटोत. मी घाईघाईत पिवळा रंग ओढून वाढवला. आईनं डोकावून पाहिलं.

"आता समद्यांना कावीळ झाली."

मग नीट वाचलं. फोटोत खरं पांढरं काय आहे ते बोट ठेवून दाखवा, बाकी रंग बराबर लावून देतो, असं ते सॉफ्टवेअर म्हणत होतं. पण हळदीच्या मांडवात पांढरं आणायचं कुठून? शोधता शोधता बहिणीच्या मागं उभा असलेला मामा दिसला. त्याच्या टोपीला कुणी हळदीचा हात लावला नव्हता. मामा नीळ घातल्याशिवाय टोपी घालत नाही. मी त्या टोपीवर बाण टेकवला. टोपीत नीळ जरा जास्तच होती, म्हणून पिवळा थोडा चढाच आला. हळद अशी झळकली की आई "अगं बाई!" म्हणाली. बहीण तिच्या खऱ्या सावळ्या रंगात, गालाला, कपाळाला हळद, आणि हसताना दातालाही थोडी लागलेली.

फोटो पाठवला. आम्ही तिघं फोनकडं बघत बसलो. फोन वाजला. आईनं स्पीकर लावला.

"आता कशी बराबर दिसून राहिली!" आत्याचा आवाज पार बदललेला. "हा फोटो मोठा करून आणा. आमच्या पोरीला आमी समोरच्या भिंतीवर लावणार."

बहीण खुदकन हसली. आईनं फोन खाली ठेवला, एवढा वेळ मला शिव्या घालणारी ती, 'आमच्या पोरीला' हे ऐकल्यावर बहिणीचा हात धरून बसून राहिली. लग्न दुसऱ्या दिवशी लागलं. पण आमच्या घरातून पोर गेली ती त्या दुपारीच.